धान आणि गव्हाला शेणखत + रासायनिक खत एकत्र कसं द्यायचं, एकराच्या हिशोबासकट

नागपूर जिल्ह्यात मौदा, रामटेक, पारशिवनीकडे जिथे जिथे पेंच धरणाच्या कालव्याचं पाणी पोचतं तिथे पावसाळ्यात धान आणि धान निघाला की गहू हे चक्र आता बसलेलंच आहे. दोन्ही पिकं खादाड, मधात डाळवर्गीय काही नाही, आणि जमिनीला मिळतं काय तर यूरिया, थोडं डीएपी (नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही असलेलं खत), आणि जमलं तर एखादी ट्रॉली कच्चं शेण. एकीकडे सांगणारे सांगतात रासायनिक सगळं बंद करा, दुसरीकडे कृषी केंद्रात गेलं की गोण्यांची यादी हातात पडते, आणि शेतकरी बिचारा दोघांच्या मधात. माझं म्हणणं असं की हे भांडण लावूच नका. दोन्ही द्या, पण हिशोब करून द्या, आणि कोणतं खत कोणत्या पिकाला ते नीट ठरवा. शेणखत आणि हिरवळीचं खत धानाला, स्फुरद (फॉस्फरस) जास्त करून गव्हाला, आणि यूरिया दोघांनाही तुकड्या-तुकड्यानं. या एका ओळीचं कारण आणि करायची पद्धत खाली सविस्तर लिहितो.

आधी नुसतं एकच का पुरत नाही ते बघा. चांगल्या कुजलेल्या 100 किलो शेणखतात साधारण अर्धा किलो नत्र (नायट्रोजन), पाव किलोच्या आतबाहेर स्फुरद आणि अर्धा किलो पालाश (पोटॅश) असतं, बस. धानाला एकरी 40 किलो नत्र धरलं तर ते सगळं शेणखतातून द्यायला 8 टन लागेल, आणि तेवढं टाकलं तरी त्यातलं सगळं नत्र या हंगामात पिकाला मिळत नाही, कारण ते सेंद्रिय रूपात बांधलेलं असतं आणि जिवाणू जसे फोडतील तसं सुटतं. आता गावात बैलजोड्या कमी झाल्या, गोठे रिकामे झाले, एवढं शेण आणायचं कुठून? उलट बाजूनं नुसतं यूरिया-डीएपी देत राहिलं तर पहिले काही वर्षं पीक छान दिसतं आणि मग तेच पीक काढायला जास्त गोण्या लागायला लागतात, कारण सेंद्रिय कर्ब उतरतो, जस्त-गंधक संपत जातं, जमीन चिखलणीनंतर (रोवणीआधी पाणी भरून माती घोळतात त्यानंतर) दगडासारखी आवळते. देशात 1970 पासून एकाच जागी वर्षानुवर्षं खतांचे प्रयोग चालू आहेत, आपल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात 1988 पासून ज्वारी-गव्हावर असाच प्रयोग चालू आहे, आणि या सगळ्या प्रयोगांमधून जवळपास एकच गोष्ट पुढे येते, नुसतं नत्र दिलेल्या प्लॉटचं उत्पादन घसरत जातं आणि शिफारशीचं एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) अधिक शेणखत मिळालेला प्लॉट टिकून राहतो. पिकं वेगळी, जमिनी वेगळ्या, पण दिशा तीच.

यूरियाच जास्त का पडतो याचं कारण किंमतीतही आहे. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशाला, 2010 पासून बाकी खतांची सबसिडी अन्नद्रव्याच्या हिशोबानं झाली पण यूरिया त्यातून बाहेरच राहिला, म्हणून डीएपी-पोटॅश महाग होत गेलं आणि माणूस साहजिकच स्वस्त गोणीकडे वळला. यात शेतकऱ्याचा दोष नाही पण जमिनीला ते कळत नाही ना.

माती परीक्षण, आणि ते कधी

गहू निघाल्यावर, एप्रिल-मे मध्ये, शेणखत टाकायच्या आधी नमुना घ्या. खत टाकल्यावर घेतलेला नमुना काही कामाचा नाही. बांधीत (धानाच्या खाचरात) वेगवेगळ्या आठ-दहा जागी इंग्रजी व्ही सारखा वीतभर खोल खड्डा करायचा, त्याच्या एका बाजूनं वरपासून खालपर्यंत सारखी पातळ चकती काढायची, सगळी माती एका घमेल्यात मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. धुऱ्याजवळची (बांधाजवळची), झाडाखालची, आणि जिथे मागच्या वर्षी शेणखताचे ढीग होते तिथली माती घेऊ नका. कन्हार (भारी काळी) आणि मोरंड (मध्यम) जमीन एकाच वावरात असली तर दोन वेगळे नमुने करा, मिसळले की रिपोर्ट दोन्हीपैकी कोणाचाच राहात नाही. नागपूरच्या जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

रिपोर्टमध्ये चार गोष्टी बघा. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली असला तर कमी, 0.75 च्या वर असला तर चांगला. सामू (पीएच) 8 च्या वर गेला असला तर आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी जास्त आहे समजा, तिथे जस्त आणि लोह पिकाला कमी मिळतं आणि वर फेकलेला यूरिया अमोनिया होऊन जास्त उडतो. जस्त 0.6 पीपीएमच्या (दहा लाख भागात 0.6 भाग) खाली असलं तर कमतरता. चौथं स्फुरद, ते कमी-मध्यम-जास्त असं लिहिलेलंच असतं. जे अन्नद्रव्य कमी त्याचा डोस शिफारशीपेक्षा पाव हिस्सा वाढवायचा, जे जास्त त्याचा पाव हिस्सा कमी करायचा, हा साधा नियम धरून चाला.

शेणखत कुजलंय का ते हातानं ओळखा

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. उकिरड्यावर शेण, कुटार (भुसा), राख, घरातला कचरा, सगळं वर्षभर उन्हापावसात पडलेलं असतं, मे महिन्यात ते उचलून वावरात छोटे-छोटे ढीग घालतात आणि पाऊस येईपर्यंत ते ढीग तसेच. नागपूरचं मे महिन्याचं ऊन, 45 डिग्रीच्या आसपास, त्यात त्या ढिगातलं नत्र किती उडत असेल विचार करा. वावरात जे पोचतं ते बरंचसं नुसतं काडी-माती असतं.

ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं तर अजून कुजणं चालू आहे. मूठभर बाहेर काढून बघा, कुटाराची काडी, तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) तुकडा ओळखू येत असेल, शेणाचा किंवा अमोनियाचा डोळ्याला झोंबणारा वास येत असेल तर ते कच्चं. तयार खत काळपट तपकिरी, भुसभुशीत, आणि पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास. मूठ आवळली तर गोळा होतो आणि बोटानं टोचला की फुटतो, पाणी टपकत नाही.

कच्चं टाकलं तर काय होतं? काडी-कुटारात कर्ब खूप आणि नत्र फार थोडं, म्हणून ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र उचलतात, तुम्ही टाकलेला यूरियासुद्धा, आणि रोवलेला धान पिवळा पडतो. मग माणूस म्हणतो शेणखत टाकूनही पिवळा पडला, अजून यूरिया टाका. शिवाय चिखलात हवा नसते, कच्चा माल तिथे सडतो तेव्हा सेंद्रिय आम्लं आणि विषारी वायू तयार होतात, मुळं काळी पडतात. आणि गव्हात कच्च्या शेणाबरोबर हुमणी, उधई (वाळवी) आणि तणाचं बी फुकटात येतं. म्हणून कच्चं असलं तर यावर्षी टाकूच नका, खड्ड्यात भरा आणि पुढच्या वर्षी वापरा.

खड्डा 3 फुटापेक्षा खोल करायची गरज नाही, लांबी-रुंदी तुमच्या जनावरांवर अवलंबून. रोजचं शेण आणि गोठ्यातला मुताने भिजलेला कुटार एका बाजूनं भरत यायचं, मूत वाया घालवू नका कारण नत्राचा मोठा हिस्सा त्यातच असतो. अधूनमधून सिंगल सुपर फॉस्फेटचे दोन-चार मुठी भुरभुरले की नत्र धरून राहतं. भरला की शेण-मातीनं लिंपून टाकायचा म्हणजे ऊन आणि पाऊस दोन्हीपासून वाचतो. चुलीची राख त्यात टाकू नका, राख अल्कली असते, ती नत्र उडवते. राख वेगळी साठवून भाजीपाल्याला द्या.

ज्यांच्याकडे जनावरं कमी आणि काडीकचरा जास्त त्यांनी नाडेप टाकं बांधावं. हे आपल्या विदर्भाचंच देणं, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी काढलेली पद्धत, त्यांच्या नावावरूनच नाडेप. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं ठेवलेली. थर असे, खाली काडीकचरा, त्यावर शेणाचं पाणी शिंपडायचं, त्यावर चाळलेली सुकी माती, परत काडीकचरा. पूर्ण टाक्याला साधारण 1400-1500 किलो काडीकचरा, 90 ते 100 किलो शेण आणि 1700-1800 किलो माती लागते, म्हणजे एवढ्याशा शेणात एवढं खत निघतं ही यातली खरी कमाई. भरल्यावर वरून लिंपायचं, भेगा पडल्या की परत लिंपायच्या, ओल टिकवायची, तीन-साडेतीन महिन्यात खत तयार. धान मळून झाल्यावर डिसेंबरात भरलं तर एप्रिलपर्यंत हातात येतं, हे वेळापत्रक मला फार सोयीचं वाटतं.

आता एकराचा हिशोब

धानाला साधारण शिफारस हेक्टरी 100 किलो नत्र, 50 स्फुरद, 50 पालाश, म्हणजे एकरी 40:20:20. नुसत्या रासायनिक खतातून द्यायचं तर डीएपी साडे 43 किलो (यात 46 टक्के स्फुरद आणि 18 टक्के नत्र असतं, म्हणून नत्र 8 किलोच्या जवळपास यातूनच येतं), बाकी 32 किलो नत्रासाठी यूरिया 70 किलो, आणि म्युरेट ऑफ पोटॅश 33 किलो.

आता तुम्ही एकरी 4 टन चांगलं कुजलेलं शेणखत टाकलं. ट्रॉलीत किती बसतं ते ट्रॉलीच्या मापावर आणि खताच्या ओलीवर असतं, एकदा धर्मकाट्यावर वजन करून घ्या म्हणजे अंदाजानं बोलायची गरज नाही. 4 टनात नत्र एकूण 20 किलो, पण या हंगामात धानाला मिळेल त्यातलं तिसरा हिस्सा, म्हणजे 7 किलो धरा. स्फुरद 3 किलो धरा. पालाश मात्र शेणखतातून लवकर सुटतं, तिथे 10 किलो बिनधास्त धरा. तर 40:20:20 मधून 7:3:10 वजा केलं, उरलं 33:17:10. यासाठी डीएपी 37 किलो, यूरिया 57 किलो, पोटॅश 17 किलो.

बघितलं का, 4 टन शेणखत टाकून यूरिया फक्त 13 किलो कमी झाला. इथेच लोक फसतात. कोणीतरी सांगतं शेणखत टाकलं की यूरिया अर्धा करा, पहिल्याच वर्षी अर्धा करतात, धान बारीक राहतो, उतारा पडतो आणि मग शेणखतच बदनाम होतं. उरलेलं नत्र कुठे गेलं नाही, ते जमिनीत जमा आहे, थोडं गव्हाला मिळेल, थोडं पुढच्या धानाला. दरवर्षी टाकत राहिलात तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी माती परीक्षणात कर्ब चढलेला दिसेल आणि तेव्हा यूरिया अजून कमी करता येईल. आणि शेणखताचा फायदा नत्रापुरता धरू नका, जस्त, गंधक, लोह, पाणी धरून ठेवणं, जिवाणू, हे यूरियाच्या गोणीत नाहीच.

गांडूळखत असलं तर त्यात नत्र शेणखताच्या दुप्पट-तिप्पट असतं पण ते टनावारी मिळत नाही, म्हणून ते पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) वाफ्याला द्या. पोल्ट्रीचं खत तेज असतं, नत्र-स्फुरद दोन्ही जास्त, पण ताजं टाकलं तर पऱ्हे जळतात, दोन-तीन महिने ढीग लावून झाकून ठेवलेलंच वापरा आणि शेणखतापेक्षा बरंच कमी टाका.

शेणखत पसरवायचा दिवस आणि नांगरायचा दिवस एकच ठेवा. सकाळी ढीग आणले, दुपारी पसरवले, संध्याकाळपर्यंत वखर किंवा रोटावेटर फिरला पाहिजे. चिखलणीच्या दोन-तीन आठवडे आधी हे झालं तर उत्तम.

ढेंचा आणि गिरीपुष्प

ज्यांच्याकडे शेण नाही त्यांना हिरवळीच्या खताचा, म्हणजे हिरवं पीक किंवा पाला चिखलात गाडायचा, हा रस्ता. ढेंचाचं बी एकरी 16 ते 20 किलो, दाट फेकायचं, 45 ते 50 दिवसात कमरेच्या वर जातो, फुलं यायच्या आत चिखलात गाडायचा. खोड कोवळं पाहिजे, निबर झालं की कुजत नाही आणि रोवणी करणाऱ्या बायांच्या पायाला टोचतं. चांगला ढेंचा हेक्टरी 60 किलोच्या वर नत्र धरतो, एकरी 24, त्यातलं अर्धं म्हणजे 12 किलो या धानाला धरून चाला, यूरिया 26 किलो कमी. हिरवं आणि कोवळं असल्यामुळे हे शेणखतापेक्षा लवकर सुटतं. गाडल्यावर बांधीत पाणी भरून ठेवायचं, ढेंचा कोवळा असला तर आठवड्याभरात रोवणी करता येते.

अडचण आपल्याकडे वेळेची. पाऊस जूनच्या मधात येतो, तोपर्यंत वाट बघितली तर ढेंचा जुलै संपता-संपता तयार होतो आणि रोवणी उशिरा जाते. म्हणून विहीर किंवा बोअरचं पाणी असेल तर मेच्या शेवटी एका पाण्यावर पेरून घ्या. पाणी नसेल तर ढेंचाच्या मागे लागू नका, धुऱ्यावर गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. पावसाळ्यात काठ्या खोचल्या की लागतात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून पाला छाटायला मिळतो, कोवळ्या फांद्या-पाला चिखलणीच्या वेळी बांधीत टाकून तुडवायचा. वर्षभर जागा अडत नाही, जमिनीला पाला मिळतो, जनावरं सहसा लवकर तोंड लावत नाहीत. पाल्याचा हिशोब ढेंचाइतका पक्का नाही म्हणून यूरियात फार कपात करू नका.

कशात काय मिसळायचं नाही

जस्त आणि डीएपी एकत्र टाकू नका, सुपर फॉस्फेटसोबतही नाही, दोघं मिळून न विरघळणारं संयुग तयार होतं, दोन्हीचे पैसे पाण्यात. रिपोर्टमध्ये जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट एकरी 10 किलो, शेणखतात किंवा ओल्या मातीत मिसळून, डीएपीच्या काही दिवस आगेमागे. हे दरवर्षी लागत नाही, दोन-तीन पिकांतून एकदा पुरतं. धानाच्या पानावर रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यात गंजासारखे तपकिरी ठिपके आणि वाढ खुंटलेली दिसली तर तो खैरा, 1966 मध्ये पंतनगरला डॉ. य. ल. नेने यांनी तो जस्ताच्या कमतरतेमुळे होतो हे दाखवून दिलं. लोक त्याला करपा समजून बुरशीनाशक मारत बसतात. त्यावर अर्धा टक्का झिंक सल्फेट आणि पाव टक्का चुन्याची निवळी, म्हणजे 10 लिटर पाण्याला 50 ग्रॅम आणि 25 ग्रॅम, फवारा.

जिवाणू खतं (धानाला ॲझोस्पिरिलम, गव्हाला ॲझोटोबॅक्टर, दोघांना पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू) रासायनिक खतात कधीच मिसळायची नाहीत, ती जिवंत आहेत, यूरियाच्या संपर्कात मरतात. बियाण्याला लावायची तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट, सावलीत सुकवून लगेच पेरणी. धानात पऱ्ह्यांची मुळं द्रावणात बुडवून रोवणी केली तरी चालते, किंवा चाळलेल्या ओलसर शेणखतात मिसळून वावरात फेका. पाकिटावरची तारीख बघून घ्या आणि दुकानात उन्हात पडलेलं पाकीट घेऊ नका.

धानात यूरिया कसा आणि कधी

वरच्या हिशोबातला 57 किलो यूरिया असा वाटा. शेवटच्या चिखलणीत डीएपी 37 किलो, पोटॅश सगळं 17 किलो, आणि यूरिया 14 किलो. रोवणीनंतर 20-25 दिवसांनी, फुटवे जोरात असताना, यूरिया 29 किलो. आणि पोटरीत यायच्या आधी, आतल्या आत लोंबी धरायला लागते तेव्हा, उरलेला 14 किलो. ही तिसरी वेळ वाणाच्या दिवसांवर आहे, लवकर येणाऱ्याला रोवणीनंतर दीड महिन्याच्या आत, उशिरा येणाऱ्याला अजून पुढे. शेणखतातलं नत्र हळूहळू सुटतच असतं त्यामुळे सुरुवातीला यूरियाची घाई नको, आणि शेवटचा हप्ता टाकायच्या आधी पानाचा रंग बघा, हिरव्या छटांच्या पट्ट्या असलेलं लीफ कलर चार्ट मिळालं तर त्यानं बघा. धान काळा-हिरवा दिसत असेल तर तो हप्ता राहू द्या. जास्त नत्रानं करपा, कडाकरपा, तुडतुडे, गादमाशी सगळेच वाढतात आणि ऑक्टोबरच्या वाऱ्यात धान लोळतो.

टाकायची पद्धत नीट लक्षात घ्या कारण यूरियाचं निम्मं-अधिक नत्र इथेच जातं. भरलेल्या बांधीत वरून फेकला तर तो पाण्यात विरघळून अमोनिया होऊन उडतो, जमिनीत नायट्रेट झाला तर चिखलात हवा नसल्यामुळे नायट्रोजन वायू होऊन जातो. आपल्या इथे तर अजून एक, पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत धुऱ्याच्या तोंडातून वाहत असतं, वरच्या बांधीत सकाळी टाकलेला यूरिया दुपारपर्यंत खालच्या बांधीत, आणि तिथून भाऊबंदाच्या बांधीत. खालच्या बांधीचा धान नेहमी जास्त हिरवा का दिसतो याचं हेही एक कारण आहे. म्हणून आदल्या दिवशी पाणी उतरवा, चिखलावर नावापुरती ओल राहू द्या, सगळी तोंडं मातीनं बुजवा, निंदण झालेलं असू द्या, मग यूरिया टाका, आणि एक दिवसानं परत पाणी भरा. ढग दाटून आलेले असताना टाकू नका.

यूरियाला निंबोळीचं आवरण 2015 पासून येतंच, तरी गावात निंबोळ्या मिळत असतील तर 5 किलो यूरियाला 1 किलो निंबोळी पेंडीची भुकटी चोळून रात्रभर ठेवा, अजून हळू सुटतो. पेंड नसेल तर ओलसर मातीत, यूरियाच्या पाचपट माती घेऊन, एक-दोन दिवस मिसळून ठेवा आणि ते टाका. फेकायलाही सारखं पडतं.

गहू

आता स्फुरद गव्हाला का म्हणालो ते. बांधीत पाणी उभं असतं तेव्हा हवेअभावी लोहाला धरून बसलेलं स्फुरद सुटं होतं, धानाला ते आपोआप मिळतं. धान कापला, जमीन सुकली, की तेच स्फुरद परत अडकतं, आणि गव्हाच्या कोवळ्या मुळांना थंडीत स्फुरद शोधणं अजून कठीण. म्हणून पैसे कमी असतील, डीएपी मिळत नसेल, तर कपात धानात करा, गव्हाचं स्फुरद तोडू नका. आपल्याकडे बरेच जण नेमकं उलटं करतात, धानाला डीएपी भरभरून आणि गव्हाला नुसता यूरिया.

वेळेवर पेरलेल्या ओलिताच्या गव्हाला हेक्टरी 120:60:40, एकरी 48:24:16. डीएपी 52 किलो, पोटॅश 27 किलो, यूरिया 84 किलो. पेरणीला डीएपी-पोटॅश सगळं आणि यूरिया 32 किलो, बाकी 52 किलो पहिल्या पाण्याला. डीएपी तिफणीच्या किंवा ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राच्या वेगळ्या नळीतून बियाण्याच्या खाली दोन बोटं पडलं पाहिजे, वरून फेकलेलं स्फुरद जागचं हलत नाही. यूरिया बियाण्याला चिकटू देऊ नका, उगवण मरते. धानाला शेणखत दिलेलं असलं तरी पहिल्या वर्षी गव्हाच्या यूरियात कपात नको. पोटॅश मात्र एक-तृतीयांश कमी केलं तरी चालतं.

धान उशिरा निघाला आणि गहू डिसेंबरात गेला तर डोस कमी करा, एकरी 32 ते 36 किलो नत्र पुरे, कारण उशिरा पेरलेल्या गव्हाला फुटवे कमी येतात आणि फेब्रुवारी-मार्चची उष्णता दाणा भरू देत नाही, जास्तीचा यूरिया नुसता पाला वाढवतो. अशा वेळी गव्हाला नव्यानं शेणखत घालायच्या भानगडीत पडू नका, थंडीत कुजणं मंद असतं, त्याचा उपयोग गव्हाला होत नाही.

पहिलं पाणी 18 ते 21 दिवसांनी, मुकुटमुळं फुटतात तेव्हा, आणि यूरियाचा दुसरा हप्ता त्याच पाण्याला. यूरिया टाका आणि त्याच दिवशी पाणी सोडा. काळ्या चुनखडीच्या जमिनीवर तो दोन-तीन दिवस उघडा पडला की वास येईपर्यंत अमोनिया उडतो.

तणसाचं काय करायचं हा प्रश्न हार्वेस्टर आल्यापासून मोठा झाला आहे. हातानं कापलेला धान होता तोपर्यंत तणस जनावराला जायचं, आता वावरात लांब खोडं आणि पसरलेलं तणस राहतं, गव्हाची घाई असते, आणि काडी लावली जाते. एक टन तणसात 5-6 किलो नत्र आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट पालाश असतं. जाळलं की नत्र जवळपास सगळं जातं, गंधकही बरंचसं जातं, आणि जमिनीच्या वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात. कृपा करून जाळू नका. गोळा करता आलं तर नाडेप टाक्यात, किंवा वावराच्या कोपऱ्यात 3-4 फूट उंच ढीग, प्रत्येक वीतभर थरावर शेणाचं पातळ पाणी आणि कुजवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर, एक टन तणसाला 8-10 किलो यूरिया पाण्यात विरघळून, ओल ठेवा, महिन्यातून एकदा पालटा. पावसाळ्याआधी हेच तुमचं धानाचं सेंद्रिय खत, बाहेरून ट्रॉली विकत घ्यायची गरज नाही. गोळा करणं शक्यच नसेल आणि तिथेच मिसळायचं असेल तर गव्हाच्या पेरणीआधी किमान दोन-तीन आठवडे मिळाले पाहिजेत आणि पेरणीचा यूरिया थोडा वाढवावा लागतो, नाहीतर गहू सुरुवातीला पिवळा राहतो.

पूर्ण वावरात एकदम बदल करू नका. शेजारशेजारच्या दोन सारख्या बांध्या निवडा, एकीत तुमचं नेहमीचं खत, दुसरीत शेणखत अधिक हिशोबाचा डोस, वाण एक, रोवणीचा दिवस एक, पाणी वेगवेगळं जाईल असं बघा. मळणी वेगळी करून पोती मोजू नका, वजन करा, धान आणि नंतर गहू दोन्हीचं, कारण शेणखताचा काही हिस्सा गव्हातच दिसणार आहे आणि नुसता धान बघून निर्णय घेतला तर हिशोब अर्धाच राहतो. वहीत खताची बिलं चिकटवा, तारखा लिहा, आणि त्याच दोन बांध्या पुढची तीन वर्षं तशाच ठेवून दर एप्रिलमध्ये दोन्हीचा माती नमुना वेगळा द्या.